सोमवारची गोळी

आमच्या फ्रिजच्या दारावर कायम तीन-चार कागद असतात. नळाला पाणी कोणत्या वारी येणार, गॅसचं सिलिंडर कधी लावलं, किराण्यात काय संपत आलंय. चितेगावच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथलं स्टोअर एकवीस वर्षांपासून माझ्याकडे आहे. नट-बोल्टपासून हातमोज्यांपर्यंत प्रत्येक वस्तूची किमान पातळी ठरलेली असते. माल त्या पातळीवर आला की मागणी जाते. डोक्यावर विसंबायचं नाही, कागदावर लिहायचं, हे मी तिथं शिकले आणि घरातही तेच लावलं. घरचे त्यावरून थट्टा करतात. सासूबाई तर शेजाऱ्यांना सांगायच्या, "मला मरायचं असंल तर हिला आधी सांगावं लागंल. यादीत नसंल तर जाऊ द्यायची नाय ही."

गेल्या आषाढात त्या दारावर मी आणखी एक कागद लावला. त्याबद्दल लिहायचं बरेच महिने टाळत होते.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सासरे गेल्यावर करमाडजवळचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या, त्याला नऊ वर्षं झाली. आल्यावर वर्षभरातच शुगर निघाली. सकाळी नाश्त्याआधी एक गोळी, रात्री जेवल्यावर एक, शिवाय बीपीची. सात खणांची डबी मी दर रविवारी भरते. सगळं नीट चाललं होतं. आषाढात तपासणी केली तर तीन महिन्यांची सरासरी शुगर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सध्या याच राहू देत. खाण्याकडे जरा बघा." आमच्या मागे वीस पेशंट बसले होते. आम्ही उठलो.

खाण्याकडे बघायचं म्हणजे ते माझं काम, हे मी धरून चालले.

मी आठवडाभर सासूबाई काय खातात ते लिहून काढलं. रोजच्या जेवणात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. एक भाकरी, भाजी, वरण, थोडा भात. अडचण उपवासाच्या दिवशी होती. त्यांचे उपवास मोजले तर वर्षात पन्नासच्या वर जातात. दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र, नवरात्राचे नऊ दिवस. उपवासाच्या सकाळी बशी भरून साबुदाण्याची खिचडी, वर दही. दुपारी बटाट्याचा कीस किंवा रताळं. मधे केळं, मधे चहा. रोजच्यापेक्षा जास्तच खाणं व्हायचं, आणि ते सगळं पिष्ट.

उपवास करू नका म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती आणि तशी इच्छाही नव्हती. उपवास त्यांचा, खाणं मी बदलीन, असा मी हिशेब केला. कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे धोके. डावीकडे सात गोष्टी आल्या. शुगर आटोक्यात, वजन कमी, गुडघ्यांना आराम, पोट हलकं, असंच पुढं. उजवीकडे दोनच. 'अशक्तपणा वाटेल' आणि 'कुरकुर करतील'. खाली नवा बेत लिहिला. सकाळी बिनसाखरेचं कपभर दूध आणि पपईच्या चार फोडी. दुपारी मूठभर शेंगदाणे, ताक. साबुदाणा बंद, बटाटा बंद. संध्याकाळी उपवास सोडताना रोजचं जेवण.

कागद वाचून दाखवला तेव्हा सासूबाई जपाची माळ घेऊन बसल्या होत्या.

"उपास माझा आन् मोजमाप तुझं व्हय?"

"आई, तुम्ही खिचडी खाता बशीभर. याला उपवास म्हणतात का?"

"तूच करतीस की. तूप बी तूच सोडतीस वरून."

"म्हणून तर आता करणार नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "जाऊ दे. कडक धरला तर पुण्य तरी जास्त लागंल," म्हणाल्या आणि माळ पुढं सरकवली.

मला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं झालं.

श्रावणातला पहिला सोमवार उत्तम गेला. संध्याकाळी मी बोटातून रक्त काढून मशीनवर बघितलं, एकशे अठरा. एरवी उपवासाच्या दिवशी दोनशेच्या पुढं जायची. मी तो आकडा कागदाच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहिला. कागदाचा फोटो काढून दोन नणंदांना, माझ्या बहिणीला आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीला पाठवला. प्रत्येकीच्या घरी कुणाला ना कुणाला शुगर आहे.

दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी घरी आले तर त्या पलंगावर आडव्या होत्या. म्हणाल्या, "दुपारच्याला जरा गरगरलं. घामच घाम आला. पडून राहिले तर गेलं आपोआप." मी कागदावर पाहिलं. उजव्या बाजूला पहिलीच नोंद होती, अशक्तपणा वाटेल. मी तिच्यापुढं बरोबरची खूण केली. त्या खुणेचा आकार अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तिसऱ्या सोमवारी मी सकाळी साडेसातला त्यांच्या हातावर गोळी ठेवली, पाणी दिलं, दूध आणि पपई झाकून ठेवली आणि कंपनीची बस पकडली. नवरा शाळेत शिक्षक आहे, तो माझ्याही आधी निघतो. सव्वाअकराला स्टोअरमधे माल उतरत असताना फोन वाजला. शेजारच्या आपांचा होता.

आपा आणि आम्ही एकाच भिंतीच्या रो-हाऊसमधे राहतो. साठीच्या आहेत. त्यांच्या यजमानांचं शहागंजात कापडाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. आपा कामाशिवाय फोन करत नाहीत.

"भाभी, अम्मा गिर गये. गेट के पास. होश में हैं, लेकिन बात बराबर नहीं कर रये. तुम निकलो."

मी निघाले. एका ड्रायव्हरनं त्याच्या टेम्पोतून आणून सोडलं. पैठण रोडवर त्या दिवशी काय गर्दी होती ते मला आठवत नाही.

नंतर आपांनी सांगितलं ते असं. सासूबाई महादेवाच्या देवळातून परत येत होत्या. फाटकाची कडी काढता काढता खाली बसल्या आणि कडेला कलंडल्या. डावा हात अंगाखाली आला. आपा कपडे वाळत घालत होत्या, त्या धावल्या. अंग गार, पातळ घामात भिजलेलं, नजर भलतीकडेच. आपांच्या यजमानांना वीस वर्षांपासून शुगर आहे, असा घाम त्यांनी घरात पाहिलेला. त्यांनी आधी स्वतःचं मशीन आणून बोटाला टोचलं. बेचाळीस. मग पेल्यात साखर कालवून आणली.

सासूबाईंनी तोंड फिरवलं. जीभ जड झाली होती, तरी म्हणाल्या, "नगं... उपास हाय."

"अम्मा, शक्कर है! शक्कर चलती ना उपास में! मैं क्या तुमको शोरबा पिला रई? पी लेव चुपचाप."

आणि त्या प्यायल्या. मी पोचले तोवर त्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आपांच्या मांडीवर त्यांचा डावा हात होता. मनगट सुजून वाकडं झालं होतं. मला बघून म्हणाल्या, "तू कामावरनं कशाला आलीस?"

दवाखान्यात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पटापट विचारलं. काय खाल्लं होतं? तोवर नवराही पोचला होता. तो म्हणाला, "उपवास होता."

डॉक्टरनं मान वर केली. "शुगर आहे, वय एवढं, आणि उपवास?" मग माझ्याकडे वळून, "गोळी घेतली होती?"

"हो. साडेसातला. मीच दिली."

त्यानं ते लिहून घेतलं आणि नर्सला सलाइनचं सांगायला गेला. मी तिथंच उभी राहिले. दुसरा काही प्रश्न त्यानं विचारलाच नाही, आणि त्याची गरजही नव्हती. आठ वर्षं त्या हीच गोळी घेत होत्या आणि उपवास करत होत्या, कधी काही झालं नव्हतं. कारण गोळीच्या मागोमाग बशीभर खिचडी पोटात जात होती. मी खिचडी काढून घेतली आणि गोळी तशीच ठेवली. खाण्याचा कागद फ्रिजवर होता आणि गोळ्यांचा कागद डबीच्या झाकणावर. ते दोन्ही मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

कारखान्यात साधं ग्रीस बदलायचं असलं तरी एक फॉर्म भरावा लागतो. मेंटेनन्सची सही, क्वालिटीची सही. एक गोष्ट बदलली की दुसरी कुठं अडेल, हे ज्याला कळतं त्यानं बघावं म्हणून. सही नसेल तर मी स्टोअरमधून डबासुद्धा देत नाही, यावरून माझी भांडणं झाली आहेत. घरात मी कुणाची सही घेतली नव्हती.

गोळीचा परिणाम उतरेपर्यंत त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. मनगटाला प्लास्टर घातलं. घरी सोडताना कार्डावर शेवटची ओळ होती, उपवास टाळावा. नवऱ्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली.

"ऐकलंस ना आई? आता एकही नाही. सोमवार नाही, एकादशी नाही, काही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून इतका लहान होकार मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मी त्यांची पिशवी भरत होते. टॉवेल, तांब्या, कंगवा, चष्मा. सगळं आलं का ते दोनदा पाहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. घरी गेल्यावर सांगू असं मनाशी म्हटलं. मग प्लास्टर निघाल्यावर सांगू असं म्हटलं.

मी एकच केलं. ज्या चौघींना फोटो पाठवला होता त्यांना फोन करून सांगितलं की तो कागद वापरू नका, आधी डॉक्टरांना विचारा. का, ते कुणालाच सांगितलं नाही. फ्रिजवरचा कागद काढून टाकला.

पुढचा सव्वा महिना कागदावर पाहिलं तर फार चांगला गेला. शुगर सकाळी एकशे तीसच्या आसपास. खाणं वेळेवर. चौथ्या सोमवारी त्या आमच्याबरोबर पोळी-भाजी जेवल्या, एकादशीला भाकरी खाल्ली. नवरा खूश होता. मी मात्र त्यांचं ताट बघत होते. वाढलं तेवढं खायच्या, मागायच्या नाहीत, नकोही म्हणायच्या नाहीत. देवळात जाणं बंद झालं. विचारलं तर म्हणायच्या, "हात बांधलाय ना." पण देवळात जायला हात लागत नाही. दुपारी झोपायला लागल्या. माझी थट्टा करायच्या थांबल्या. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "आई, डाळीची यादी करायची राहिली बघा," तर म्हणाल्या, "कर की."

भाद्रपद संपत आला तेव्हा आपा एकदा प्लास्टर कधी निघणार ते विचारायला आल्या. सासूबाई आत झोपल्या होत्या. आम्ही पायरीवर बसलो.

"नवरात आरा तुमारा," आपा म्हणाल्या. "अम्मा पकड़ते ना नौ दिन?"

"यंदा नाही. डॉक्टर नको म्हणाले."

"कौन से डॉक्टर? हमेशा के?"

"नाही, तिथले. दवाखान्यातले."

"और हमेशा के डॉक्टर को पूछा नहीं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांना इतकं साधं वाटत होतं की मी ऐकत का राहिले हेच त्यांना कळेना. रमजान यायच्या महिना-दीड महिना आधी आपा यजमानांना घेऊन डॉक्टरकडे जातात. रक्त तपासतात. डॉक्टर ठरवतात रोजे धरायचे की नाही, किती धरायचे, सकाळची गोळी संध्याकाळी करायची की निम्मी करायची. सगळं लिहून देतात. दोन वर्षांपूर्वी किडनीचं काही निघालं तेव्हा साफ नाही म्हणाले. यजमान आठ दिवस आपांशी बोलले नाहीत. मग गरिबांना जेवण दिलं आणि रोजे सोडले. "खफा हुए, मगर जिंदा हैं ना," आपा म्हणाल्या. "तुम लोगां नहीं जाते क्या पूछने?"

आम्ही कधीच गेलो नव्हतो. आठ वर्षांत सासूबाई उपवास करतात हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आम्ही एकदाही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे उपवास म्हणजे उपाशी राहणं नसतंच. वेगळं खाणं असतं. ते सांगण्यासारखं काही आहे असं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यामुळे मी जेव्हा उपवासाला खरंच उपाशी राहण्याजवळ नेऊन ठेवलं, तेव्हाही सांगावंसं वाटलं नाही.

मी आपांना सगळं सांगितलं. खिचडी, पपई, गोळी, बरोबरची खूण. त्यांनी ऐकून घेतलं.

"मेरेको क्यों बोल रये तुम?" त्या म्हणाल्या. "अम्मा को बोलो. वो बिचारे कुछ और समझ रये होंगे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती. नवरा पेपर तपासत बसला होता. सासूबाई एका हातानं मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. क्रमानं सांगितलं, कारण मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही. गोळी काय करते, खिचडी काय करत होती, मी काय काढून घेतलं, दुसऱ्या सोमवारी त्यांनी घामाचं सांगितलं तेव्हा मी काय केलं. दवाखान्यात मला कळलं होतं हेही सांगितलं.

नवऱ्यानं पेन खाली ठेवलं.

सासूबाईंचा हात मेथीतच थांबला होता. त्यांनी विचारलं, "म्हंजी महादेवानं नाय पाडलं मला?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मला वाटलं, माझं काय तरी चुकलं. दारातून निघाले त्याच्या, आन् फाटकात पाडलं त्यानं. मी लई इचार केला. काय चुकलं असंल. पुन्याचा हिशेब केला व्हता ना, कडक धरला तर जास्त लागंल म्हनून, तो राग आला असंल त्याला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सव्वा महिना मी हे डोक्यात घेऊन बसले. आन् तुला ठावं व्हतं."

"हो."

"तुला ठावं व्हतं, आन् तू मला भाकर वाढत व्हतीस."

"हो, आई."

नवरा मधे बोलायला लागला. "आई, तिनं तुझ्या चांगल्यासाठीच—"

"तू गप. चांगल्यासाठीच केलं, कळतंय मला. सांगितलं नाय, ते कुनाच्या चांगल्यासाठी?"

त्यांनी निवडलेली मेथी आणि न निवडलेली मेथी एकत्रच टोपलीत टाकली आणि आत गेल्या. संध्याकाळपर्यंत दार लोटलेलं होतं.

चहाच्या वेळी मी कप नेऊन ठेवला तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. गावाकडं घरात अकरा माणसं होती. सकाळी चुलीपुढं बसलं की सगळ्यांच्या भाकरी झाल्याशिवाय उठायचं नाही. उरेल ते आपल्याला. उपवास धरला की मात्र स्वच्छ पातेल्यात आपलं वेगळं शिजवायचं, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. सासूही मागत नसे. "तेवढं एक ताट माझं असायचं," त्या म्हणाल्या. "बाकी देव-बिव तर हायेच. पर ते बी व्हतं."

माझ्या कागदावर डावीकडे सात गोष्टी होत्या. ही त्यांत नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी सांगितली असती.

"डॉक्टरला इचारायचं," त्या म्हणाल्या. "आन् मी बोलनार. तू नाय."

नवऱ्याला हे मान्य नव्हतं. जेवताना म्हणाला, चूक गोळीची असो नाही तर खिचडीची, एकदा पडलेल्या माणसानं पुन्हा तिकडे जायचंच कशाला? नाही केला उपवास तर काय बिघडतं? मी म्हटलं, काय बिघडतं ते सव्वा महिना आपण बघतोय. तो म्हणाला, आणि पुन्हा पडली तर? मी म्हटलं, ती भीती मलाही आहे. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण मिटलं नाही. तरी तो बरोबर आला.

नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आठ वर्षांत तुम्ही हे मला सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, पण ते असं म्हणाले की आम्ही तिघांनीही खाली पाहिलं.

सासूबाईंनी विचारलं, "नऊ दिवस धरू का?"

"नाही."

"उठता-बसता?" म्हणजे पहिला दिवस आणि शेवटचा.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "आजी, माझं स्वच्छ मत सांगतो. न धरणं सगळ्यांत सुरक्षित. तुमचं वय झालंय, मनगट आत्ताच मोडलंय. पुढच्या वेळी खुबा मोडला तर उठणं अवघड आहे. हे नीट ऐकलंत का?"

"ऐकलं."

"तरी धरायचाय?"

"एक दिस बघायचंय मला. कुनी ढकललं म्हनून उपास सुटू नये, असं वाटतंय."

डॉक्टरांनी मान डोलावली. मग रक्त तपासलं, जुने कागद पाहिले आणि चिठ्ठी लिहिली. त्या दिवशी सकाळची गोळी निम्मी. भगर आणि दही, दर तीन तासांनी थोडं. घरात पूर्ण दिवस कुणीतरी हवं. दिवसातून चार वेळा शुगर. सत्तरच्या खाली आली की लगेच साखर आणि मग पूर्ण जेवण, उपवास तिथं संपला. हे सगळं त्यांच्यासाठी, त्यांचे रिपोर्ट बघून लिहिलेलं. दुसऱ्या कुणी उचलून वापरावं असं त्यात काही नाही, म्हणून गोळीचं नाव मी इथं लिहीत नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पहिला दिवस नीट गेला तरच शेवटच्याचं बघू."

घटस्थापनेला मी रजा घेतली. सासूबाईंनी घट बसवला. प्लास्टर आदल्या आठवड्यात निघालं होतं, मनगट अजून वळत नव्हतं, म्हणून माती मी पसरली आणि धान्य त्यांनी पेरलं. आठला शुगर एकशे शेहेचाळीस. अकराला एकशे एकवीस. भगर त्यांनी स्वतः शिजवली, स्वतः वाढून घेतली, पाटावर बसून सावकाश खाल्ली. दोन वाजता शहाण्णव. मी पुन्हा ताक-भगर पुढं केली. थोडी खाल्ली, पोट भरलं म्हणाल्या. मी आग्रह केला तेव्हा हातानं थांबवलं.

साडेचारला बोट टोचलं. मशीननं आकडा दाखवायच्या आधी जे पाच सेकंद जातात ते गेले.

"किती?"

"अडुसष्ट."

त्यांना काही होत नव्हतं. घाम नव्हता, बोलणं नीट होतं. साखर उपवासाला चालते, ती घेऊन वर आणखी थोडी भगर खाल्ली असती तर आकडाही वर आला असता, उपवासही राहिला असता. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी साखरेचं पाणी त्यांच्या हातात दिलं आणि काही बोलले नाही. चिठ्ठीतली सत्तरची ओळही वाचून दाखवली नाही.

त्यांनी पाणी पिऊन टाकलं. घटाकडे बघत बसल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. ब्याण्णव.

"भाकर टाक," त्या म्हणाल्या.

मी उठले. भाकरी, पिठलं, ठेचा. त्यांनी ताट घटासमोरच आणायला सांगितलं. पहिला घास तोंडात घातला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी दुखऱ्या हातानं पुसलं आणि खात राहिल्या. पूर्ण भाकरी संपवली. नवरा दारात उभा होता. त्यानं काही म्हणायला तोंड उघडलं, मी मान हलवली, तो आत गेला.

"शेवटचा दिवस?" मी ताट उचलताना विचारलं.

"नाय." मग हात पुसत, "बघितलं ना मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नाश्ता केला आणि देवळात गेल्या. पदराआड काय नेलं ते मी विचारलं नाही.

त्यांनी तेव्हापासून उपवास धरलेला नाही. पुढं धरणार का ते मला माहीत नाही, आणि धरायचा झाला तर त्या आधी डॉक्टरकडे जातील एवढं ठरलं आहे. दुपारची झोप कमी झाली. माझी थट्टाही अधूनमधून होते. पण एक गोष्ट पहिल्यासारखी झाली नाही. आता त्या माझ्या हातून गोळी घेत नाहीत. डबी भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. रविवारी सकाळी चष्मा लावून बसतात, प्रत्येक पट्टी उजेडाकडे धरतात आणि मला हाक मारतात.

"ही कशाची? ही घेतली आन् जेवले नाय तर काय व्हतं?"

मी सांगते. जे माहीत नसतं ते माहीत नाही म्हणून सांगते आणि डॉक्टरांना फोन लावते. त्या फोन स्वतःच्या कानाला धरून ऐकतात, मगच गोळी खणात टाकतात.